वीज अंगावर वागवायची कुणी?

२५ नोव्हेंबर १८८२ च्या रात्री लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘आयोलँथी’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली जगातली पहिली सार्वजनिक इमारत म्हणून हे नाट्यगृह तोवर गाजलेलं होतं. जोसेफ स्वान यांचे दिवे तिथे १८८१ मध्येच लागले होते. त्या रात्री मात्र वीज छतावरून उतरून नटींच्या केसांत आली. मुख्य पऱ्यांच्या केसांत चिमुकले दिवे माळलेले होते आणि ते पेटवणारी बॅटरी प्रत्येकीच्या पोशाखात, पाठीवर बांधलेली होती. प्रेक्षकांना दिवे दिसले. वजन ज्यांच्या पाठीवर होतं त्यांनाच ते ठाऊक.

चारच महिन्यांनी, २६ मार्च १८८३ रोजी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर व्हँडरबिल्ट घराण्याच्या नव्या हवेलीत वेषभूषेचा प्रचंड समारंभ झाला. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू होऊन अजून सात महिनेही झाले नव्हते. त्या समारंभाला ॲलिस व्हँडरबिल्ट ‘विजेचा दिवा’ होऊन आल्या. पॅरिसच्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थ यांच्याकडून शिवून आणलेला सोनेरी पिवळ्या सॅटिनचा झगा, त्यावर धातूच्या तारेचं झगमगतं भरतकाम, हातात उंच धरलेली मशाल आणि ती पेटवणारी बॅटरी झग्याच्या आत. तो झगा आज न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयात आहे. वीज वाहून नेऊ शकेल असा धातूचा धागा त्याच्यावर जागोजागी आहे, पण तो निव्वळ शोभेचा. विजेचं खरं काम आत दडवलेल्या तारेकडे आणि बॅटरीकडे. कापडातल्या धाग्यानेच विजेचं काम करावं आणि बॅटरीचा भार माणसाच्या अंगावरून उतरावा, याला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली. ती वर्षं कशी गेली हे सांगण्यासारखं आहे, कारण त्यांत राजवाड्यांपेक्षा रुग्णालयं जास्त येतात.

एका तारेतली वीज दुसऱ्या तारेत तिला न शिवता उतरते, हे मायकेल फॅरडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पाहिलं. त्यासाठी त्यांनी मऊ लोखंडाचं सहा इंच व्यासाचं जाड कडं घेतलं. कड्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या अर्ध्यावर वेगळ्या तारेचे. उघडी तार तारेला टेकून चालणार नव्हतं, म्हणून वेढ्यांच्या मधे सुतळी आणि थरांच्या मधे सुती कापड. ते कडं जपून ठेवलेलं आहे आणि त्यावरचं जीर्ण कापड आजही दिसतं. पहिल्या तारेत प्रवाह सुरू केला की दुसऱ्या तारेला जोडलेली चुंबकसुई हलायची आणि पुन्हा जागेवर यायची. प्रवाह तोडला की पुन्हा हलायची. प्रवाह नुसता चालू राहिला तर मात्र काहीच नाही. चुंबकत्व बदलत असेल तरच शेजारच्या वेढ्यात वीज जागी होते, हा त्यातला बोध. आपण फोन एका चकतीवर ठेवतो आणि तो चार्ज होतो, त्यात याहून वेगळं तत्त्व नाही. मधलं लोखंडाचं कडं काढून टाकायचं आणि प्रवाह सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट करायचा. मधे हवा असो, कापड असो की कातडी, चुंबकत्व पार होतं.

निकोला टेस्ला यांनी २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात तारेशिवाय काचेच्या नळ्या उजळून दाखवल्या आणि पुढे लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारला. तो १९१७ मध्ये पाडला गेला. ती कथा पुष्कळांनी सांगितली आहे. टेस्लांना वीज समुद्रापार पाठवायची होती. अंगावरच्या उपकरणाचा प्रश्न वीतभर अंतराचा आहे.

आपल्याकडचं एक काम इथे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर प्रयोग करत होते. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते, तशी या लहरींचीही फिरवता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी तागाच्या जुड्या घेतल्या आणि त्यांना पीळ दिला: काही उजवीकडे, काही डावीकडे. पिळाच्या दिशेप्रमाणे लहरींची दिशा फिरली. १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हा निबंध आला. पदार्थ कोणता आहे यापेक्षा त्याची रचना कशी आहे यावरून लहरीचं वागणं ठरवता येतं, ही कल्पना पुढे ‘मेटामटेरियल’ या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीस भरभराटीला आली. तिच्या इतिहासात बोसांच्या पिळलेल्या तागाचं नाव आज आदराने घेतलं जातं. कापडातून वीज नेण्याच्या आजच्या प्रयोगांत हीच कल्पना पुन्हा भेटते.

आता स्टॉकहोमकडे वळू. आर्ने लार्सन, वय ४३. एका विषाणूसंसर्गाने त्यांच्या हृदयातली ठोक्यांची वाट बिघडली होती. हृदय मधेच थांबायचं, ते बेशुद्ध पडायचे, छातीवर हात मारून त्यांना परत आणायचं. दिवसाकाठी असं वीस-तीस वेळा. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी कुठेतरी वाचलं की कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंते रूने एल्मक्विस्ट प्राण्यांवर विजेचे ठोके देण्याचे प्रयोग करत आहेत. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. माणसासाठी असं यंत्र अजून तयार नाही, असं उत्तर मिळालं. मग तयार करा, असा त्यांचा आग्रह. त्या सेनिंग यांच्याकडून एल्मक्विस्ट यांच्याकडे आणि तिथून परत अशा फेऱ्या मारत राहिल्या. या सगळ्या इतिहासात एखाद्या व्यक्तीच्या चिकाटीने काळ पुढे ढकलला असेल, तर ती ही बाई.

एल्मक्विस्ट यांनी तेव्हा नुकतेच मिळू लागलेले सिलिकॉनचे दोन ट्रान्झिस्टर घेतले, त्यांच्या मंडलाबरोबर निकेल-कॅडमियमच्या लहान बॅटऱ्या ठेवल्या आणि हे सगळं ॲराल्डाइट रेझिनमध्ये ओतून घट्ट केलं. साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली. तयार झालेली वडी साधारण ५५ मिलिमीटर व्यासाची आणि १६ मिलिमीटर जाडीची. ८ ऑक्टोबर १९५८ च्या संध्याकाळी, फारसा गाजावाजा न करता, ती लार्सन यांच्या पोटाच्या कातडीखाली बसवली गेली आणि तिच्यातून निघालेल्या दोन तारा हृदयाच्या स्नायूला शिवल्या गेल्या. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. एल्मक्विस्ट यांनी दोन केली होती, म्हणून दुसरं बसवता आलं. तेही फार टिकलं नाही. पण माणसाच्या अंगात पूर्णपणे बसवलेला तो पहिला पेसमेकर होता.

पेसमेकरच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगतात. त्यातला एक तपशील मात्र बहुधा सुटून जातो. हा पहिला पेसमेकर बिनतारी चार्ज होणारा होता. बॅटरी संपली म्हणून पोट पुन्हा उघडायचं नाही, हे एल्मक्विस्ट यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणून यंत्राच्या आत तारेचा वेढा आणि बाहेर दुसरा, लवचीक वेढा. तो चिकटपट्टीने कातडीवर लावायचा आणि निर्वात नळ्यांच्या जनित्रातून सुमारे १५० किलोहर्ट्झचा प्रवाह त्यात सोडायचा. मधल्या कातडीला छिद्र नाही, धक्का नाही. बिनतारी चार्जिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महागडे फोन येतात; त्याची सुरुवात फोनच्या कितीतरी आधी, मृत्यूच्या दारातल्या एका माणसाच्या पोटावर झाली. लार्सन पुढे २६ पेसमेकर वापरत ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले. २००१ च्या डिसेंबरात ते वारले तेव्हा एल्मक्विस्ट आणि सेनिंग हे दोघेही त्यांच्या आधी गेलेले होते.

पण चार्ज होणारा पेसमेकर मागे पडला. अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच यांनी १९६० मध्ये पारा-जस्ताच्या बॅटरीवर चालणारा पेसमेकर रुग्णांपर्यंत आणला. ती बॅटरी चार्ज करायची नव्हतीच. संपली की यंत्र बदलायचं. ती जेमतेम दोन वर्षं चालायची, म्हणजे दर थोड्या वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया. या त्रासावर उपाय म्हणून १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत रॉबर्ट फिशेल यांच्या गटाने चार्ज होणारा पेसमेकर पुन्हा उभा केला. पेससेटर कंपनीने तो बाजारात आणला. याच यंत्राशी आपल्या विषयाचं थेट नातं जुळतं, कारण रुग्णाला त्याबरोबर एक बंडी मिळायची. चार्ज करणारा वेढा त्या बंडीत बसवलेला. आठवड्यातून एकदा घरी ती बंडी अंगात घालायची, वेढा छातीतल्या यंत्रासमोर येईल अशी नीट बसवायची आणि तास-दीड तास खुर्चीत बसून राहायचं. माझ्या मते अंगावरचं वस्त्र हाच चार्जर, ही कल्पना खऱ्या माणसांच्या रोजच्या आयुष्यात उतरली ती या बंडीपासून.

बंडी चांगली चालली, तरी ती हरली. १९७२ मध्ये इटलीत लिथियम-आयोडिन बॅटरीचा पेसमेकर पहिल्यांदा रुग्णाच्या शरीरात बसवला गेला आणि काही वर्षांतच त्याने मैदान मारलं. तो वर्षानुवर्षं चालायचा आणि रुग्णाला त्याच्यासाठी काहीही करावं लागायचं नाही. डॉक्टरांनाही तेच हवं होतं. दर आठवड्याला बंडी घालायला रुग्ण विसरला, गावाला गेला, घरात वीज नसली, म्हातारपणात गोंधळला, तर काय? मला या निवडीत फार मोठा धडा दिसतो आणि आजचे अभियंते तो पुरेसा लक्षात घेत नाहीत असं वाटतं. वजन पाठीवरून उतरलं तरी आठवण ठेवण्याची जबाबदारी डोक्यावर राहतेच. तीही एक प्रकारची बॅटरी वागवणंच आहे, आणि आजारी माणसाला ती जास्त जड जाते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा एका कापडाचा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संगणक अंगावर घालून वावरणाऱ्या तरुणांचा एक गट होता. डोळ्यासमोर पडदा, कमरेला यंत्र, पाठीवर बॅटरी आणि अंगभर वायरी. त्याच लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांना हे रूप पटत नव्हतं. ऑर्थ मूळच्या कलावंत. वायर कापडावर चिकटवण्याऐवजी कापडच वायर का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न. आणि उत्तर त्यांना मिळालं ते जर असलेल्या रेशमी ऑर्गन्झात. १९९७ च्या ऑक्टोबरात केंब्रिजला अंगावरच्या संगणकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यात दोघांनी निबंध मांडला. हे कापड भारतात किमान शंभर वर्षं विणलं जात आहे, अशी नोंद त्यांनी त्यात केली आहे.

ते कापड जवळून पाहू, कारण महाराष्ट्रातल्या घरांना त्याचा धागा परका नाही. येवल्याच्या किंवा पैठणच्या जुन्या पैठणीच्या पदरातला जरीचा एक धागा नखाने हलकेच उलगडला तर आत रेशीम किंवा सूत दिसतं आणि त्याच्याभोवती चपट्या तारेचे अगदी लागून घातलेले वेढे. चांदीची तार जंतरातून ओढत ओढत बारीक करायची, मग चपटी करायची, तो झाला बादला; बादला धाग्यावर गुंडाळला की जर. त्यावर सोन्याचा मुलामा. हलक्या जरीत चांदीच्या जागी तांबं. ही युक्ती सौंदर्यासाठी निघाली: नुसती धातूची तार विणली तर घडी पडेल तिथे तुटते, पण वेढ्यांच्या रूपात ती धाग्याबरोबर वाकते आणि ताण सगळा आतलं रेशीम सोसतं. विजेलाही नेमकं हेच हवं असतं. पोस्ट आणि ऑर्थ यांच्या ऑर्गन्झात उभे धागे साध्या रेशमाचे होते आणि आडवे धागे तांब्याचा पत्रा गुंडाळलेल्या रेशमाचे. रेशीम वीज वाहत नाही, म्हणून आडव्या धाग्यांतला प्रत्येक धागा शेजाऱ्यापासून अलग राहायचा. एका पट्टीत जितके जरीचे धागे, तितक्या स्वतंत्र वायरी. रोधही मामुली: सेंटिमीटरला ओहमच्या दहाव्या हिश्शाएवढा.

यातून त्यांनी जीन्सच्या कापडाचं एक वाद्य-जॅकेट केलं. छातीच्या एका बाजूला वीजवाही धाग्याने भरलेली बटणं, दुसऱ्या बाजूला सूर काढणारी चकती, खिशांत स्पीकर आणि या सगळ्यांना वीज आणि संदेश पुरवणारी ऑर्गन्झाची पट्टी आतून शिवलेली. जोडणीला साधी टिचबटणं. ऑर्थ यांनी एक ‘काजवा’ पोशाखही केला. त्याच्या घागऱ्यात वीजवाही ऑर्गन्झाचे दोन थर आणि मधे जाळी; जाळीत अडकवलेल्या बारीक दिव्यांची दोन टोकं दोन्ही थरांना टेकली की दिवा लागायचा. घालणारी चालू लागली, घागरा हलला की दिवे आपोआप लुकलुकायचे. व्हँडरबिल्ट यांच्या झग्यावर शोभेला होता तो धातूचा धागा इथे कामाला लागला होता. बॅटरी मात्र दोन्ही पोशाखांत होतीच. आणि टिचबटण हा त्यातला कच्चा दुवा होता: मऊ कापड आणि कठीण यंत्र जिथे जोडलं जातं, तिथेच धागा उसवतो, गंजतो, तुटतो.

त्याच सुमारास अटलांटाच्या जॉर्जिया टेक संस्थेत मद्रास विद्यापीठातून शिकून गेलेले सुंदरेसन जयरामन सैनिकांसाठी एक बनियन विणत होते. गोळी कुठे लागली आणि नाडी कशी आहे हे त्यातल्या तंतूंवरून कळावं असा हेतू. लिव्हाइस आणि फिलिप्स यांनी २००० मध्ये युरोपात विक्रीला काढलेल्या जॅकेटात फोन आणि गाण्यांचं यंत्र होतं, पण धुण्याआधी ते सगळं उपसून काढावं लागायचं. कपड्याला कपडा म्हणून वागवता येत नसेल तर तो लोक घेत नाहीत, हे दशकभर पुन्हा पुन्हा सिद्ध होत राहिलं.

बिनतारी विजेची बाजू पुन्हा जागी झाली ती एमआयटीतच. मारिन सोल्याचिच या भौतिकशास्त्रज्ञाला चार्ज करायचा राहिलेला फोन रात्री कण्हून कण्हून उठवायचा. घरभर वीज असताना या यंत्राला ती आपली आपण का घेता येऊ नये, असा प्रश्न घेऊन त्याने हिशेब मांडले आणि २००७ मध्ये त्याच्या गटाने दोन मीटरवरचा ६० वॅटचा बल्ब मधे तार नसताना पेटवून दाखवला. पाठवलेल्या विजेपैकी सुमारे ४० टक्के पोहोचली. गुपित अनुनादाचं: दोन्ही वेढ्यांची कंपनसंख्या तंतोतंत एक ठेवायची. झोक्याला त्याच्या लयीत नुसतं बोट लावत राहिलं तरी तो उंच जातो, तसा दूरचा वेढा क्षीण चुंबकत्वातूनही वीज साठवत जातो. २०१० मध्ये ‘ची’ या नावाचं बिनतारी चार्जिंगचं समाईक मानक आलं आणि फोन चकतीवर ठेवायची सवय लागली. पण चकतीवर ठेवायचं म्हणजे अंगावरून काढायचंच. जे घड्याळ रात्रभर झोप मोजणार, तेच रात्री चार्जरवर.

वाद्य-जॅकेटातला धागा आणि सोल्याचिच यांचा वेढा एकत्र आले ते सिंगापूरला. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात जॉन हो यांच्या गटाने २०१९ मध्ये वीजवाही कापडाच्या फणीच्या आकाराच्या पट्ट्या साध्या कपड्यांवर शिवल्या. ब्लूटूथच्या लहरी एरवी सगळीकडे फाकतात आणि शरीरातल्या पाण्यात विरतात. या पट्ट्यांमुळे त्या कापडाच्या पृष्ठभागाला धरून सरकू लागल्या. अंगावरच्या दोन उपकरणांमधला संदेश हजारपट जोरकस झाला, आणि त्याच वाटेने थोडी वीजही नेता आली. पट्टीचं कापड काही अद्भुत नव्हतं. किमया फणीच्या दात्यांच्या मापात होती. बोसांच्या तागाच्या पिळातही किमया अशीच रचनेची होती.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने आणखी साधी आणि मला अधिक आवडलेली गोष्ट केली. संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनने त्यांनी सदऱ्यावर वीजवाही धाग्याची नक्षी काढली: खिशाजवळ धाग्याचा एक वेढा, तिथून निघणाऱ्या दोन समांतर रेघा आणि त्या पाठीच्या कण्यापाशी पोहोचल्या की पुन्हा वेढा. खिशात साधा मोबाइल. दुकानात पैसे देताना आपण टेकवतो ती फोनमधली एनएफसी यंत्रणा १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकी क्षेत्र निर्माण करते. खिशाजवळचा वेढा ते पकडतो, प्रवाह धाग्यातून धावतो आणि मीटरभर दूरच्या वेढ्याभोवती तेच क्षेत्र पुन्हा उभं राहतं. त्या वेढ्यासमोर कातडीवर चिकटवलेली, बॅटरी नसलेली संवेदक-पट्टी त्यावर जागी होते, पाठीचा बाक किंवा अंगाचं तापमान मोजते आणि त्याच वाटेने फोनला कळवते. यात एकही टिचबटण नाही. कापड आणि यंत्र एकमेकांना जोडलेलेच नाहीत, त्यामुळे उसवायला जागाच राहिली नाही. फॅरडेंच्या कड्यातल्या दोन तारा जशा अलग होत्या तसेच हे अलग. कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन इथे पीटर त्सेंग यांच्या गटाने २०२१ मध्ये धातूच्या पातळ पत्र्याचे कापून काढलेले असेच वेढे इस्त्रीने कपड्यांवर चिकटवले आणि एका माणसाच्या बाहीवरून दुसऱ्याच्या बाहीवर संदेश नेऊन दाखवले.

इथे थोडं हिशेबाने बोललं पाहिजे. या वाटेने जाणारी वीज मिलिवॅटमध्ये मोजायची असते. २०२० मध्ये एनएफसीच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने बिनतारी चार्जिंगचे नियम काढले, त्यांतही वरची मर्यादा एक वॅटची आहे. तेवढ्यात कानातली यंत्रं चार्ज होतील, फोन नाही. धाग्याचीही अडचण आहे. १३.५६ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या फक्त वरच्या १८ मायक्रॉनमधून वाहतो. म्हणजे भरीव तार लागत नाही, मुलामा पुरतो. पण आज सर्रास मिळणाऱ्या चांदीचा लेप दिलेल्या नायलॉनच्या धाग्यावर लेप त्याहूनही पातळ असतो, त्यामुळे वीज वाटेत उष्णता होऊन वाया जाते. घाम आणि साबण तो लेप आणखी झिजवतात. बादल्यासारखा गुंडाळलेला पत्रा या बाबतीत सरस, पण तो भरतकामाच्या मशीनच्या सुईला झेपेल असा करणं हे वेगळं कौशल्य. सुरत-येवल्याच्या जरीच्या कारागिरांना या कामात कुणी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्याची खरी गरज कुठे आहे, हे २०१९ मध्ये शिकागोत दिसलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मऊ सिलिकोनच्या दोन पट्ट्या केल्या, एक छातीवर, एक तळपायावर. अशा बाळाच्या अंगावर एरवी वायरींचं जाळं असतं आणि चिकटपट्ट्या काढताना त्याची पातळ कातडी सोलून निघते. या पट्ट्यांना ना वायर, ना बॅटरी. बाळाच्या गादीखालच्या अँटेनातून त्यांना १३.५६ मेगाहर्ट्झवर वीज मिळायची. वजन नाही, आणि आठवण ठेवण्याची जबाबदारीही बाळावर किंवा आईवर नाही. पण बाळाला गादीवरून उचललं की वीज तुटणार. आणि अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास धरून ठेवणं, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात, हे तर उपचारांतलं महत्त्वाचं अंग. म्हणून २०२० मध्ये पुढे आलेल्या रूपात त्याच गटाने बॅटरी जोडायचीही सोय ठेवली.

मला वाटतं, सिंगापूरची ती नक्षी काढायला आईच्या झग्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. गादीतला वेढा झग्यात आला तर बाळ कुशीत असतानाही त्याच्या छातीवरची पट्टी चालू राहील. त्यासाठी लागणारी वीज फार नाही, अंतर काही सेंटिमीटरांचं, आणि वर सांगितलेला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे करून दाखवलेला आहे. अवघड राहतं ते धुणं. रुग्णालयाचा झगा कडक गरम पाण्यातून, जंतुनाशकातून आणि इस्त्रीखालून पुन्हा पुन्हा जातो. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने अंगावरच्या विद्युत उपकरणांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र समिती, क्रमांक १२४, नेमली. वीजवाही कापड धुलाईत किती टिकतं हे मोजण्याची सर्वमान्य रीत ठरवणं, हे या समितीच्या कामांपैकी एक आहे.